स्वारीतली कचेरी

बंगळुराहून कोलारच्या वाटेने पूर्वेस निघाले म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरवर होसकोटे नावाचे गाव लागते. कानडीत 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. सुगटूरच्या तम्मेगौडा नावाच्या पाळेगाराने १५९५ च्या सुमारास हा कोट बांधला. त्याला आता सव्वाचारशे वर्षे होऊन गेली, तरी नाव आपले नवेच राहिले आहे! गावाजवळून दक्षिण पिनाकिनी वाहते, एक विस्तीर्ण तळे आहे, आणि शेजारून चेन्नईकडे जाणारा महामार्ग अहोरात्र धावत असतो.

या महामार्गावरून जाणाऱ्या मोटारींत अलीकडे एक नवे दृश्य दिसते. मागच्या आसनावर बसलेला तरुण मांडीवर संगणक उघडून कचेरीचे काम करीत असतो. २०२० साली महामारीने कचेऱ्यांची दारे लावली, तेव्हा बंगळूरच्या संगणक-व्यवसायातील हजारो माणसे घरून काम करू लागली. पुढे दारे उघडली, पण काहींनी घरही सोडले आणि कचेरीही. आज डोंगरावर, उद्या समुद्रकाठी, आणि काम मात्र चालूच. यात लाभ किती आणि हानी किती, याची चर्चा आज घरोघर चालते. ती करणाऱ्यांना वाटते की हा प्रश्न आपल्याच पिढीपुढे प्रथम उभा राहिला.

श्रोतेहो, तसे नाही. ज्या होसकोट्यावरून ही मोटार जाते, त्याच मुलखात सतराव्या आणि अठराव्या शतकांत मराठी माणसे प्रवासात राहून दूरच्या घरचा कारभार चालवीत होती. त्यांच्याजवळ विजेचे यंत्र नव्हते. दौत होती, बोरू होता, मोडीची वळणदार लिपी होती आणि सांडणीस्वार होते. पण गुंतागुंत हीच होती. चालत्या मुक्कामातून काम करणाऱ्याला काय साधते आणि त्याच्या हातून काय निसटते, हे पाहण्यासाठी इतकी चांगली उदाहरणे दुसरीकडे क्वचितच मिळतील.

आरंभ शहाजीराजांपासून करावा लागतो. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे विजापूरच्या आदिलशाहीच्या चाकरीत गेले. रणदुल्लाखानाच्या कर्नाटकातील मोहिमेत त्यांनी जो पराक्रम केला, त्यापोटी बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबाळापूर, शिरे हा मुलूख त्यांच्याकडे आला. १६३८ च्या सुमारास बंगळूर हे त्यांचे राहण्याचे ठिकाण झाले. जयराम पिंड्ये नावाचा बहुभाषी कवी याच दरबारात आला आणि त्याने राजांवर चंपूकाव्य रचले. पण राजांची जुनी जहागीर होती पुण्याकडे. शेकडो मैल दूर. मध्ये कृष्णा, तुंगभद्रा, आणि पावसाळ्यात या नद्या कोणाचेच ऐकत नाहीत. मग पुण्याची जहागीर राजांनी चालवली कशी? दादोजी कोंडदेवांसारखे जाणते कारभारी तेथे ठेवले, आणि १६४२ च्या सुमारास जिजाबाई आणि बाल शिवाजी यांना पुण्यास पाठवून दिले.

या व्यवस्थेचा लाभ काय झाला, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. मालक दूर होता, त्याची मुद्रा जवळ होती, आणि त्या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत एका मुलाला राज्य करावयास शिकता आले. राजे स्वतः पुण्यात राहते, तर विजापूरचा डोळाही पुण्यावर राहिला असता. दूरच्या कारभाराने निर्माण केलेला हा एक मोठा आडोसा होता. परंतु त्याच आडोशाची किंमत १६४८ साली चुकवावी लागली. मुलाने इकडे गड घेतले आणि तिकडे जिंजीच्या छावणीत बाप कैद झाला. राजांवर रोष होण्यास दुसरीही कारणे असतील. तरी तिकडे घडलेल्या गोष्टीचा जाब इकडे द्यावा लागतो, ही दूरस्थ कारभाराची पहिली हानी येथे स्पष्ट दिसते. पुढे कोंढाणा आणि बंगळूर सोडून देण्याच्या अटीवर १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली. जामीन म्हणून काय सोडावे लागले पाहा: एक किल्ला पुण्याकडचा आणि एक शहर कर्नाटकातले. दोन्ही टोकांना चिमटा बसला.

चाळीस वर्षांनी हाच खेळ उलट दिशेने खेळावा लागला. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडाला वेढा पडला, आणि राजाराम महाराज मोजक्या माणसांनिशी वेषांतर करून पन्हाळ्याहून जिंजीकडे निघाले. वाटेत बंगळूरला त्यांचा घात होता होता राहिला. साध्या वाटसरूचे पाय सेवक अदबीने धुतो आहे, हे पाहून कोणाला तरी संशय आला, अशी कथा आहे. खंडो बल्लाळ आणि काही सोबती मागे राहिले, त्यांनी मार खाल्ला, पण तोंडातून नाव काढले नाही. महाराज पुढे निसटले. जिंजीस पोचल्यावर आठ वर्षे मराठ्यांचे राज्य दोन ठिकाणांहून चालले. छत्रपती जिंजीत आणि मुलूख सह्याद्रीत.

ही आठ वर्षे निभावली ती एका निर्णयामुळे. रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकुमतपनाह' हा किताब देऊन महाराजांनी महाराष्ट्रातला सारा अधिकार त्यांच्या हाती सोपविला. जिंजीस विचारून मग करा, असे सांगितले असते तर उत्तर येईपर्यंत गड गेला असता. मागे ठेवलेल्या माणसाला नुसते काम न देता निर्णयही द्यावा लागतो, हे या तरुण राजाने ओळखले होते, आणि त्याबद्दल इतिहासकारांनी त्याला जितके श्रेय द्यावयास हवे तितके दिलेले नाही असे माझे मत आहे. मात्र वतनांच्या बाबतीत हा शहाणपणा टिकला नाही. कोणी रामचंद्रपंतांकडून सनद आणी, कोणी उन्हातान्हात जिंजी गाठून महाराजांकडून आणी, आणि एकाच वतनावर दोन धनी उभे राहत. संताजी घोरपड्यांसारख्या सेनापतीविषयीच्या तक्रारीही अशाच लांबून पोचल्या. जो आधी पोचेल त्याचे म्हणणे खरे वाटण्याचा धोका तेथे होता. १६९६ मध्ये संताजीचे सेनापतिपद गेले आणि १६९७ मध्ये त्याचा अंत झाला. मोगलांना जे साधले नाही ते आपसातल्या बेबनावाने साधले.

त्याच काळात दुसऱ्या बाजूस औरंगजेब होता. त्याने तर सारी बादशाहीच तंबूत घातली. १६८१ साली तो उत्तरेतून दक्षिणेस निघाला तो परत गेलाच नाही. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस १६९५ पासून चार वर्षे त्याची छावणी होती. बंगालपासून काबूलपर्यंतच्या सुभ्यांचे कागद या एका सोलापुरी खेड्यात येत आणि तेथून निकालात निघत. कचेरी त्याने बरोबर आणली. विश्वास मात्र कोणावर टाकला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरास त्याचा प्राण गेला, तेव्हा पंचवीस वर्षे धनी घरी न आल्याने उत्तरेतल्या कारभाराची जी अवस्था झाली होती, ती पुढच्या बादशहांना निस्तरता आली नाही.

आता पेशवाईकडे येऊ. येथे स्वारीतून कारभार ही अडचणीची तोड राहिली नाही, ती पद्धतच बनली. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि मृगाच्या आत परत फिरण्याची धडपड करीत. परतता आले नाही तर परमुलखात छप्परे घालून पावसाळा काढावा लागे. 'छावणी करणे' या शब्दाचा मूळ अर्थ हाच. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने राज्याचा धनी रस्त्यावर असे. तो रस्त्यावर असे म्हणून राज्य थांबत नसे. तंबूंच्या मध्यभागी पेशव्यांचा डेरा, जवळ कचेरीचा डेरा. तेथे बैठक घातलेली, पुढे कलमदाने, आणि रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे. फडणिसांचे कारकून, चिटणीस, पोतनीस हे सारे फौजेबरोबर चालत. दिवसाचा जमाखर्च त्याच दिवशी रोजकीर्दीत चढे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद पाहणाऱ्यास एक शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे 'मुक्काम'. आज या गावी, उद्या त्या नदीकाठी, परवा अमक्या किल्ल्याखाली. त्याच ओळींखाली कोकणातल्या कोणा देवस्थानच्या नेमणुकीचा, कोणा विधवेच्या इनामाचा, कोणा परगण्याच्या तहशिलीचा निकाल लिहिलेला असतो. गावोगावचे तंटे असे तोफांच्या गाड्यांमागून फिरत असत.

या पद्धतीत एक बारीक शहाणपण होते, ते लक्षात घेण्यासारखे आहे. सगळेच कागद स्वारीबरोबर नेत नसत. 'एकबेरीज' नावाचे एक स्वतंत्र दफ्तर होते. सगळ्या खात्यांच्या हिशेबांचा मेळ तेथे घालीत, आणि ते कायम पुण्यास राही. धनी कर्नाटकात असो की खानदेशात, एकबेरीज हालत नसे. रोजच्या कामाचे कागद चालते, आणि साऱ्यांचा मेळ घालणारे स्थिर. ज्या कोणी ही वाटणी प्रथम ठरविली, त्याला दूरच्या कारभाराचे मर्म चांगले कळले होते.

स्थिर ठेवलेले सुरक्षित असतेच असे मात्र नाही. १७६३ साली माधवराव आणि रघुनाथराव मोगलाईत लूट करीत फिरत असता निजामअलीने सरळ पुण्यावर चाल केली. घरचा धनी दूर, घर उघडे. पुणे लुटले गेले, जळाले. पेशव्यांचे कुटुंब सिंहगडाकडे गेले. शत्रूची एक टोळी तेथवर जाऊन गडाखालची वस्ती जाळून आली, आणि त्या आगीत मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी कागद नष्ट झाले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. पुढे त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनास निजामाचा मोड झाला आणि हिशेब चुकता झाला खरा. पण लढाई जिंकता येते, जळालेला कागद परत लिहिता येत नाही. आज आपल्याला पूर्वीच्या मराठी राज्याविषयी ज्या जागा कोऱ्या दिसतात, त्यांतल्या काही त्या आगीत कोऱ्या झालेल्या आहेत.

थोरले माधवराव पेशवे होसकोट्याच्या मुलखापर्यंत आले ते दुसऱ्या कर्नाटक स्वारीत, १७६७ साली. हा मुलूख तेव्हा हैदरअलीने घेतला होता, आणि तोही मोठ्या गमतीने. १७६१ मध्ये निजामाचा भाऊ बसालतजंग होसकोट्यास वेढा घालून बसला आणि त्याला कोट घेता येईना. तेव्हा हैदर मदतीस आला आणि मोबदल्यात त्याने शिऱ्याची नबाबी मिळविली. शिरे त्या वेळी बसालतजंगाच्या ताब्यात नव्हते, हे उभयतांना माहीत होते. जे आपले नाही ते उदारपणे देण्यास काय जाते! माधवरावांनी १७६७ मध्ये शिरे घेतले, मदगिरी घेतली, बेदनूरच्या राणीची आणि तिच्या मुलाची तेथल्या कैदेतून सुटका केली, आणि हैदराला खंडणी कबूल करावी लागली.

या स्वारीतून पेशव्यांना जे साधले ते शनिवारवाड्यात बसून साधते ना. पाळेगार आणि देसाई समोर येऊन भेटत. कोण खरा, कोण डोळ्यांत धूळ टाकणारा, हे तोंड पाहून ठरविता येई. फौजेची गणती कागदावरच्या आकड्यावर सोडावी लागत नसे. धन्याच्या डोळ्यांदेखत हजिरी होई, आणि भाड्याचे घोडे आणून संख्या भरणाऱ्या सरदाराची पंचाईत होई. खंडणीचा ठराव जागेवर होई, हप्ते जागेवर बांधून घेता येत. मुलूख पाहिलेल्या माणसाने दिलेला हुकूम आणि नकाशा ऐकून दिलेला हुकूम यांत अंतर असतेच. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या तरुणाला राज्यकर्ता म्हणून जी धार आली, ती या मुक्कामांनीच आली, असे मला वाटते. आणि धनी पुढे गेल्याने मागे राहिलेल्यांनाही हात बसविण्यास जागा मिळाली. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला एक तरुण फडणीस पुण्यात याच वर्षांत कारभाराचे धागे आपल्या बोटांत घेत होता. पुढे तो नाना फडणीस म्हणून सर्व हिंदुस्थानास माहीत झाला.

हानी पैशाची होती, आणि ती मोठी होती. फौज चालली म्हणजे रोजमुरा चालतो. खंडणीचा पैसा हप्त्यांनी येतो, शिपायाचे पोट हप्त्यांनी भरत नाही. लष्कराबरोबर सावकार फिरत, हुंड्या फिरत, आणि कर्ज मुक्कामागणिक वाढे. पुढच्या पिढीत या रोगाचे काय रूप झाले, ते पाहावयाचे असेल तर टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रे वाचावी. बाजार, दरबार, सण, सारे त्या चालत्या शहरात आहे. आणि तुंबलेल्या पगारासाठी धन्याच्या दाराशी धरणे धरून बसलेले शिपाईही आहेत.

दुसरी हानी घरातली. चुलत्या-पुतण्यांचे विस्तव जात नव्हते. एक कर्नाटकात, दुसरा उत्तरेत. दोघांच्या मध्ये पत्रे आणि पत्रांपेक्षा जलद धावणाऱ्या चहाड्या. जे समोरासमोर अर्ध्या घटकेत मिटले असते किंवा निदान उघड भांडण म्हणून संपले असते, ते महिनोन्‌महिने कागदावर मुरत राहिले. अखेर जून १७६८ मध्ये धोडपास पेशव्याला स्वतःच्या चुलत्याशी लढावे लागले आणि त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले.

याच कारणाने त्या वर्षी होसकोट्याच्या मैदानावर जी लढाई झाली, तिच्यात पेशव्यांची फौज नव्हती. एक मराठा मात्र होता, आणि त्याच्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

हैदर आणि मद्रासचे इंग्रज यांचे युद्ध तेव्हा चालू होते. इंग्रजांचा सेनापती कर्नल जोसेफ स्मिथ होसकोट्यास तळ देऊन बंगळुरावर जाण्याच्या तयारीत होता. ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीचे मुरारराव घोरपडे आपल्या घोडदळ-पायदळासह त्याला येऊन मिळाले आणि त्यांनी इंग्रजांच्या उजव्या अंगास थोड्या अंतरावर स्वतंत्र तळ दिला. हैदराने हे हेरले. २२ ऑगस्टच्या रात्री त्याने आपले स्वार मराठ्यांच्या गोटावर सोडले. त्या काळी रात्रीचा छापा म्हणजे काय, हे ध्यानात घ्या. अंधार, तंबूंचे दोर, बांधलेली जनावरे, आणि आपले कोण, परके कोण याचा पत्ता नाही. अशा वेळी घोड्यावर बसावे हा शिपायाचा पहिला विचार. मुराररावांनी नेमका उलटा हुकूम दिला: कोणीही घोड्यावर बसू नये, जो तो आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभा राहो, आणि जो स्वार दिसेल त्याला कापावे. एका वाक्यात मित्र आणि शत्रू वेगळे झाले. जो बसलेला तो परका! तेवढ्यात मुराररावांचा हत्ती जखमी होऊन साखळदंड तोडून सुटला, तोच साखळदंड सोंडेत धरून फिरवीत हैदराच्या गर्दीत घुसला, आणि छापा घालणारेच उधळले. विल्क्सने आपल्या म्हैसूरच्या इतिहासात हा प्रसंग मोठ्या रसाने वर्णिला आहे. मराठ्यांचे नुकसान थोडे झाले आणि हैदराचे पुष्कळ.

जागेवर असलेल्या माणसाचे बळ ते हे. असा हुकूम कोणत्याही फडावरून लिहून पाठविता येत नाही.

आता त्याच छावणीतले दुसरे चित्र पाहा. मद्रासच्या कौन्सिलाला आपल्या सेनापतीवर पुरता भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी कॉल आणि मॅके या दोन सभासदांना 'फील्ड डेप्युटी' म्हणून फौजेमागे धाडले. त्यांच्याबरोबर अर्काटचा नबाब महंमदअलीही होता. ही मंडळी कोलारास राहिली. कोलार होसकोट्यापासून सुमारे चाळीस किलोमीटर. म्हणजे मद्रासेतून पाहिले तर ती रणांगणावर होती, आणि रणांगणावरून पाहिले तर ती कचेरीत होती. रसदीची व्यवस्था त्यांच्याकडे, मोहिमेच्या बेतात त्यांचा शब्द, आणि लढाईचा जबाबदार मात्र स्मिथ. वरवर पाहता मराठ्यांची पद्धत आणि ही पद्धत सारखीच दिसते. कचेरी फौजेबरोबर हिंडते आहे. पण मराठी छावणीत जो निर्णय घेई तोच परिणाम भोगी. येथे प्रवास त्यांनी केला, अधिकारही बरोबर नेला, जबाबदारी तेवढी मागे ठेवली. सेनापतीने बैल मागावे, डेप्युटींनी हिशेब मागावा, कौन्सिलाने दोघांकडून खुलासा मागावा; आणि या अवधीत हैदराने मुलूख उजाड करून पुढे निघून जावे, असे महिने गेले.

शेवटी स्मिथला सल्लामसलतीसाठी मद्रासेस परत बोलाविले, डेप्युटी आणि नबाबही परतले, आणि फौज कर्नल वुडच्या हाती आली. नोव्हेंबर १७६८ मध्ये हैदर होसूरला वेढा देऊन बसला. हे होसूर वेगळे, होसकोट्याच्या दक्षिणेचे. त्याच्यावर छापा घालण्यासाठी वुडने आपले सामानसुमान आणि दोन अवजड तोफा बागलूरला ठेवल्या आणि तो रात्री हलका होऊन निघाला. हैदर त्याला चुकवून मागे वळला आणि बागलूरचे सामान तोफांसकट घेऊन गेला. पुढल्या मार्चमध्ये तो निवडक घोडेस्वारांनिशी थेट मद्रासच्या वेशीपाशी उभा राहिला. ज्या कौन्सिलाला दुरून सगळे चालवावयाचे होते, त्याच्या दारातच युद्ध येऊन बसले. एप्रिल १७६९ मध्ये हैदराने सांगितला तसा तह मद्रासकरांना करावा लागला.

मुराररावांचे पुढे बरे झाले नाही. १७७६ मध्ये हैदराने गुत्ती घेतली आणि होसकोट्याचा हा वीर कब्बाळदुर्गाच्या कैदेत मरण पावला.

माधवरावांची तिसरी स्वारी १७६९ च्या अखेरीस निघाली. बंगळूरच्या वायव्येस निजगलचा किल्ला आहे. १७७० च्या उन्हाळ्यात त्याला वेढा घालून पेशव्यांनी तो घेतला. पण आता दुसऱ्याच एका खात्यावर खर्च पडू लागला होता. क्षयाने शरीर पोखरले होते. रात्रीची जागरणे, वेळीअवेळी अन्न, उन्हातली कूच, आणि मुक्काम पडला की कागदांचा ढीग. शिपायाला मुक्कामावर विसावा असतो, पेशव्याला मुक्कामावर कचेरी असे. पावसाळ्याच्या तोंडावर फौज त्रिंबकराव पेठ्यांच्या स्वाधीन करून ते पुण्याकडे फिरले. त्रिंबकरावांना केवळ फौज दिली नव्हती, मुखत्यारीही दिली होती. म्हणून धनी अंथरुणावर असतानाही मार्च १७७१ मध्ये श्रीरंगपट्टणाजवळ मोती तलावावर हैदराचा दणदणीत पराभव होऊ शकला. ती बातमी पेशव्यांपर्यंत आली ती कागदावरूनच. जिंकणारा तेथे होता, ज्याच्यासाठी जिंकले तो येथे.

शेवटचे महिने माधवरावांनी पुण्याच्या वाड्यात काढले नाहीत. थेऊरच्या गणपतीपाशी ते राहिले, आणि कारभारी कागद घेऊन तेथे येत. राज्याची कचेरी आयुष्यभर ज्याच्यामागून हिंडली, ती अखेरीसही त्याच्यामागून थेऊरला आली. तेथेच आजारात त्यांनी पुढच्यांसाठी नऊ कलमे लिहवून ठेवली. त्यांत स्वाऱ्यांनी वाढविलेले कर्ज फेडण्याविषयीचे कलम होते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते वारले.